सुगी की सुसुकी

तोनामी, २० एप्रिल

तेरुहिसादादास,

ऋतूची चौकशी, प्रकृतीची विचारपूस आणि चेरीच्या फुलांवरची दोन वाक्यं इथे लिहिली आहेत असं समज. बत्तीस वर्षं शाळेत मुलांना पत्रलेखन शिकवलं, आता त्या पहिल्या परिच्छेदाचा मला वीट आलाय. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र लावायला तू तयार नाहीस, म्हणून सगळं कागदावर. नोबुएवहिनी, हे पत्र त्याच्या हातात पडण्याआधी तुम्ही वाचणार हे मला माहीत आहे, तेव्हा तुम्हालाही नमस्कार.

आता मुद्दा. मागच्या अंगणातलं सुगीचं मोठं झाड घराकडे कललंय. आई दवाखान्यात होती तेव्हाच्या ओल्या बर्फानं हे केलं. त्याच बर्फात त्याच्या पुढचे दोन लहान सुगीही मोडले, ते मी उचलून टाकले. मोठा उभा आहे, पण सरळ नाही. गावात झाडं पाडणारा म्हातारा गेनपेई एकटाच उरलाय. त्यानं शिडीवर चढून दोरीला दगड बांधून सोडला. दगड बुंध्यापासून अडीच हात बाहेर टेकला. मग गेनपेईनं झाडाकडे पाहिलं, घराकडे पाहिलं, आणि विचारलं, "त्या खोलीत कोण झोपतं?"

त्या खोलीत आई झोपते.

तिला पुढच्या खोलीत हलवायचं म्हटलं की ती चांगल्या डाव्या हातानं दाराची चौकट धरते. ब्याऐंशी वर्षांची, अर्धं अंग लुळं पडलेली बाई, पण तिची बोटं सोडवायला दोन माणसं लागतात. दवाखान्यातून आणल्यापासून ती पेज खाते, चिडते, टीव्हीवरच्या कुस्त्या बघते. फक्त बोलणं गेलंय. शब्द येतात, पण तोंडातून बाहेर पडेपर्यंत त्यांचं पीठ होतं.

घर तुझ्या नावावर आहे, म्हणजे झाडही तुझं. गेनपेई म्हणतो, मालकाचा शिक्का असलेला कागद आण, मग करवत. मागे शेजारच्या गावात त्यानं एका बाईच्या सांगण्यावरून झाड पाडलं, तर तिचा भाऊ ओसाकाहून येऊन याच्या दारात तीन तास रडत बसला. तेव्हापासून तो बहिणींच्या सांगण्यावर झाडं पाडत नाही.

कागद सोबत आहे. शिक्का मारून पाठव. वादळांचे दिवस सुरू व्हायला चार महिने आहेत. झाडाच्या जागी मी सुसुकीचं गवत लावीन. कानाझावाहून बागा आखणारी एक बाई आली होती, तिनं तेच सुचवलं. पिवळ्या पट्ट्यांच्या पानांची सुसुकी, माणसाच्या खांद्याएवढी वाढणारी. ती कुणाच्या अंगावर पडली तरी माणूस मरत नाही.

ओरिए

ता. क. दोन महिने सुगीच्या परागांनी मी शिंकते आहे. पण हे कारण मी वर लिहिलेलं नाही, याची नोंद घे.

—

नागोया, ५ मे

चि. ओरिए,

डोंगर हिरवे झाले असतील. आईची प्रकृती सुधारत असेल आणि तूही खुशाल असशील अशी आशा करतो. तू पहिला परिच्छेद गाळलास म्हणून मीही गाळावा असं नाही.

तुझं पत्र नोबुएनं वाचलं, मग मी वाचलं, मग आम्ही चहा केला. शिक्का मारण्याआधी मला चार गोष्टी सांगायच्या आहेत.

तो सुगी आजोबांनी लावला. आपल्या मैदानात नैर्ऋत्येचा वारा येतो तेव्हा मध्ये त्याला अडवणारं काही नसतं. म्हणून आपल्याकडचं प्रत्येक घर झाडांची शाल पांघरून बसलेलं असतं. उन्हाळ्यात सावली, हिवाळ्यात बर्फाला आडोसा, बारा महिने हिरवा. त्याच्या गळलेल्या वाळक्या काटक्यांवर आईनं आपल्या दोघांच्या अंघोळीचं पाणी तापवलं. आणि त्याच्या जागी तू काय लावणार, तर गवत. डिसेंबरात वाळणार, फेब्रुवारीत कापून टाकायचं, मेमध्ये पुन्हा उगवायची वाट बघायची. अगं, ज्याला दरवर्षी पुन्हा उगवावं लागतं त्याच्या आडोशाला कोण राहील? पट्ट्यांची सुसुकी चहाच्या दुकानापुढे शोभते. पौर्णिमेच्या नैवेद्यापुरते चार तुरे आणायची ती वस्तू, घर सांभाळायची नव्हे.

शिवाय झाड कललं म्हणजे पडलं असं नाही. मीही तीस वर्षं एका बाजूला कलून चालतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. रविवारी मी आईशी फोनवर बोललो. तू रिसीव्हर तिच्या कानाला धरलास, आठवतं ना. ती मला स्पष्ट म्हणाली, "सुसुकी नको." मी दोनदा विचारलं, दोनदा तेच म्हणाली. आईचीच इच्छा नसेल तर आपण कोण?

कागद माझ्यापाशी राहू दे.

तेरुहिसा

—

तोनामी, १४ मे

दादा,

तू ज्या कानाला फोन लावतोस त्या कानाला गेल्या वर्षी घरासमोर आगीचा बंब आला तरी कळलं नव्हतं. वहिनींनीच मला सांगितलं. त्या कानानं तू आईचं बोलणं स्पष्ट ऐकलंस.

ती काय म्हणते ते मी सांगते, कारण मी रोज ऐकते. "सु… की… नको." बाकीचे आवाज घशातच राहतात. दिवसातून तीनदा, बहुतेक जेवण झाल्यावर. मी वाटी उचलायला वाकले की माझ्याकडे टक लावून म्हणते. तू म्हणतोस सुसुकी. मी बत्तीस वर्षं भाषा शिकवली आणि गेले दोन महिने तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर बसले आहे. ती म्हणते सुगी. सुगी नको. तिच्या डोक्यावर तो करकरतो, तिला नको झालाय, आणि मालक नागोयात चहा पितोय.

आता तुझ्या चार गोष्टी. वाळक्या काटक्यांवर पाणी तापायचं, खरंय. त्या काटक्या कोण गोळा करायचं? तू झाडाच्या आठवणी काढतोस, कारण तुझ्या वाट्याला गरम पाणी आलं. उंची, वय, आजोबा हे सगळं त्याच्याकडे आहे, सुसुकीकडे नाही, कबूल. पण मोठं झाड चुकलं तर एकदाच चुकतं आणि मग दुरुस्ती नसते. गवत दर वर्षी चुकतं आणि दर वर्षी सुधारतं. वाऱ्यात ते आडवं होतं आणि वारा गेला की उठतं. याला तू कमकुवतपणा म्हणतोस. मी पन्नाशी ओलांडलेली बाई आहे, मी याला अक्कल म्हणते.

सांगून टाकते, पाच झुबके मी लावलेसुद्धा. पुढच्या मोकळ्या जागेत, जिथे ते दोन लहान सुगी होते. रुजलेत. सकाळच्या उन्हात पानांवरचे पट्टे सोनेरी दिसतात. मासूकाकू (आपल्या शेजारच्या, कवळी काढून खारवलेलं आलुबुखार चघळणाऱ्या, अजून जिवंत आहेत) कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, याचं बी माझ्या भातात उडालं तर तुझ्या दारात आणून ओतीन. म्हणजे गावानं दखल घेतली.

काल वारा होता. फार नाही, वाळत घातलेले कपडे हलतील इतका. मी आईला भरवत होते आणि छतावरून आवाज आला, जुनं कपाट उघडल्यासारखा. आईनं वर पाहिलंही नाही. माझ्या हातातला चमचा मात्र तिच्या नाकाला लागला.

शिक्का मार, दादा.

ओरिए

—

नागोया, २ जुलै

चि. ओरिए,

उत्तराला उशीर झाला. पावसाळी हवेनं सांधे धरले होते. नोबुए म्हणते हे कारण पुरेसं नाही. तिचंही म्हणणं लिहितो.

मी इथल्या वाचनालयात जाऊन दोन्हींबद्दल वाचलं. सुसुकीच्या पानांच्या कडांना काचेसारखे दाते असतात. वाचायची गरज नव्हती, माझ्या उजव्या अंगठ्यावर सातव्या वर्षीची खूण आहे. वाळल्यावर ती कागदासारखी पेटते. पसरली की उपटून निघत नाही. सुगीबद्दल असं वाचलं की रांगेतलं पुढचं झाड काढलं तर मागच्यांवर एकदम वारा येतो. ज्यांनी जन्मभर आडोसा पाहिला त्यांची मुळं वाऱ्याला सरावलेली नसतात, आणि धडधाकट झाडंही जातात. म्हणून विचारतो, रागावू नकोस. ते दोन लहान सुगी नक्की बर्फानंच मोडले ना? बर्फानं झाडं शेंड्याकडून मोडतात. तू लिहिलंस, "उचलून टाकले." बुंध्यासकट?

आईचं म्हणशील, तर वाद कशाला. दोन चित्रं काढ, एक झाडाचं, एक गवताचं, आणि तिला बोट ठेवायला सांग. जे नको त्यावर ठेवू दे. निकाल काहीही लागो, मी मानीन.

बोनच्या सणाला मी येतोच आहे. पितरांसमोर बसून ठरवू. तोवर तिला कसंही करून पुढच्या खोलीत ने.

तेरुहिसा

—

तोनामी, ३० ऑगस्ट

दादा,

बोन आला आणि गेला. पितर आले, तू आला नाहीस. वहिनींचा फोन आला की तुझी पाठ धरली आहे. तुझं जे काही धरतं ते नेहमी गाडीच्या वेळेला धरतं. बाबांच्या तसबिरीपुढे तुझ्या वाटचाही दिवा मीच लावला, आणि आईनं तिकडे बघून माझ्याकडे अशी मान वळवली, की मी उगीचच म्हटलं, दादा पुढच्या आठवड्यात येतोय.

चित्रं काढली. चित्रकलेत मी कधीच बरी नव्हते. झाड बाटली घासायच्या ब्रशसारखं दिसत होतं आणि गवत तुझ्या केसांसारखं. दोन्ही तिच्यापुढे धरली. तिनं एक पाहिलं, दुसरं पाहिलं, मग ही बाई वेडी झाली का अशा नजरेनं मला पाहिलं. पेन्सिल दिली तर ती फेकली. मग नेहमीचंच, "सु… की… नको," पण या वेळी मोठ्यानं, आणि डोळ्यांत पाणी. आता ती दिवसातून दहादा म्हणते. मी सुगी म्हणते तर मान हलवते, सुसुकी म्हणते तरी मान हलवते, आणि तिची मान आता हो म्हणताना आणि नाही म्हणताना सारखीच हलते.

गेनपेईनं पुन्हा दगड सोडला. अडीच हातांचे पावणेतीन झालेत. चार महिन्यांत.

तू बुंध्याचं विचारलं होतंस. बर्फानं मोडले नाहीत. मी पाडायला लावले. गेनपेईनं नाही, तो शिक्क्याशिवाय हात लावत नाही. बाहेरगावचे दोन पोरगेले लोक मोटार करवत घेऊन आले आणि दीड तासात मोकळे झाले. आई दवाखान्यात होती, मी घरात एकटी होते. मला मागचं अंगण अंधारलेलं वाटायचं. मला वाटलं दोन लहान गेले तर कुणाला कळणारही नाही. गेनपेईला पहिल्या दिवशीच कळलं. काल म्हणाला, "ओरिएताई, मोठा बर्फानं कलला नाही. तुम्ही त्याच्यापुढचं दार उघडं ठेवलंत."

परवा दोनशेदहावा दिवस, हमखास वादळाचा. भाताच्या ओंब्या भरल्यात आणि सगळं गाव आकाशाकडे बघत बसलंय. रेडिओ दक्षिण समुद्रावरच्या वादळांचे आकडे सांगतो, मी ते वहीत लिहून ठेवते, जणू लिहिल्यानं ती तिथेच थांबतील. आईच्या खोलीत मी आता पाठ छताकडे करून बसत नाही.

मी चुकले, हे तुला हवं होतं तर घे. पण शिक्का मार, नाहीतर ये. दोन्हींपैकी काहीतरी कर.

ओरिए

—

नागोया, ४ सप्टेंबर

ओरिए,

हे पत्र नोबुएला दाखवलेलं नाही.

मला फोनवर काही ऐकू आलं नव्हतं. दोन्ही वेळा नुसता श्वास आणि खरखर. "सुसुकी नको" हे मी रचलं. तू म्हणत होतीस सुगी काढायचा, मग आई त्याच्या उलट म्हणाली असं लिहिलं की उत्तर आपोआप तयार होत होतं. आणि काही ऐकू आलं नाही हे मला कागदावर उतरवायचं नव्हतं.

पाठही धरली नव्हती. तिकीट काढलं होतं. मी येईन, ती तोंड उघडेल, आणि माझं नाव तिच्या तोंडातून निघणार नाही. किंवा निघेल आणि मला ऐकू येणार नाही. यांतलं काय जास्त वाईट हे ठरवत मी फलाटावर बसलो, तोवर गाडी गेली.

वादळाचा अंदाज लागला की तार कर. मी येतो.

दादा

—

तोनामी, २८ सप्टेंबर

दादा,

तू परत गेलास त्याला सहा दिवस झाले. वहिनींना तू सगळं सांगितलं असशीलच. त्यात दुरुस्त्या म्हणून हे लिहिते. वहिनी, वाचा, हे आधी तुमच्यासाठी.

दादानं तुम्हाला सांगितलं असेल की त्यानं आईला वादळाच्या सकाळी पाठीवर घेऊन सुखरूप मासूकाकूंच्या घरी नेलं. नेलं हे खरं. सुखरूप नाही. साठीचा माणूस ब्याऐंशीच्या बाईला पाठीवर घेऊन शेताच्या बांधावरून चाललाय, आणि ती डाव्या हातानं त्याच्या टाळक्यात चापट्या मारतेय. कानावरसुद्धा, चांगल्या कानावर. आणि एक चापट, एक "सु… की… नको," अशी ती वरात. गेनपेई भातातून बघत होता, त्यानं टोपी काढली.

मग दादा परत येऊन आईच्या खोलीत जाऊन बसला. मी विचारलं, आता तिथे कोण आहे म्हणून बसतोस? म्हणाला, झाड पडलं तर कुणीतरी पाहिलेलं बरं. दुपारी एकपासून चारपर्यंत त्या करकरीखाली मांडी घालून बसला आणि वाऱ्यात पाच वेळा चहा मागितला. मी प्रत्येक वेळी चहा घेऊन गेले, आणि प्रत्येक वेळी मला वाटलं की हा शेवटचा पेला.

मोठा सुगी पडला नाही. त्याच्यामागचा, ज्याच्याकडे आपण कधी पाहिलंही नव्हतं, तो सरळसोट, निरोगी सुगी मुळासकट उलटला आणि अंगणाच्या दुसऱ्या बाजूला कोठीवर पडला. शेंड्यानं माझे पाचही झुबके चिरडले. दादा, आपण दोघं दारात उभे होतो आणि तू ओरडून म्हणालास, वाचनालयात हेच लिहिलं होतं. त्या क्षणी मला तुला ढकलून द्यावंसं वाटलं.

झुबके चौथ्या दिवशी उठले. हे मी वादासाठी लिहीत नाहीये, नुसतं सांगते.

खरं लिहायचं होतं ते पुढे आहे. गुरुवारी मासूकाकू आल्या. आई त्यांच्याकडे वादळात राहिली तेव्हापासून दोघींची गट्टी आहे. काकूंनी सवयीनं दात काढून रुमालात ठेवले आणि दोघी बडबडायला लागल्या. म्हणजे काकू बोलत होत्या आणि आई पीठ पाडत होती. पण काकू मध्येच हसत होत्या, हो हो म्हणत होत्या. मी चहा ठेवायला वाकले. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "सु… की… नको." मी सवयीनं म्हटलं, हो आई, झाडाचं बघतेय मी.

काकूंनी मला विचारलं, "झाडाचं काय बघतेस?"

मी सांगितलं. सुगी, सुसुकी, तुझं म्हणणं, माझं म्हणणं. काकूंनी तोंडावर हात ठेवला. दात नसलेल्या त्या तोंडातून जे आलं ते आईच्याच आवाजात आल्यासारखं वाटलं.

"अगं बाई, ती झाडाचं म्हणत नाहीये. ती म्हणतेय, त्सुकिसोई नको."

त्सुकिसोई. आजाऱ्याच्या उशाशी बसून राहणारं घरचं माणूस. दवाखान्यात चाळीस दिवस हा शब्द लिहिलेला बिल्ला मी छातीवर लावून हिंडले. आई निजल्या जागेवरून रोज तोच वाचत होती. मी भाषेची शिक्षिका, आणि तो शब्द माझ्या मनाला शिवला नाही, कारण मी खिडकीबाहेर बघत होते.

मी काकूंना म्हटलं, असं कसं, मी गेले तर तिला भरवणार कोण? आईनं डावा हात पुढे केला, वाटी उचलली, आणि चमच्यानं स्वतः पेज खाल्ली. थोडी सांडली. जितकी मी भरवताना सांडते त्याहून कमी.

तू तुझं लिहिलंस, म्हणून मी माझं लिहिते. सगळ्यांना वाटतं मी आईसाठी शाळा सोडली. आईला झटका आला फेब्रुवारीत. मी राजीनामा दिला डिसेंबरात. नव्या मुख्याध्यापकांना माझी जीभ सोसवत नव्हती आणि मला त्यांचं व्याकरण. जानेवारीभर कानाझावाच्या खोलीत मी भिंतीकडे बघत बसले होते. फोन आला की आई पडली, आणि मी रडले, पण त्याच वेळी मला जायला एक जागा मिळाली. ती हे ओळखून होती. सात महिने ती मला जा म्हणत होती आणि मी ते झाडाच्या नावावर टाकत होते.

तरीही झाडाचं विचारलं. काकूंकरवी, नीट, एकेक शब्द करून. आई बराच वेळ बोलली. काकूंनी सांगितलं ते असं. बासष्ट वर्षं मी त्या झाडाखालच्या काटक्या वेचल्या, कंबर गेली. सासरी आले तेव्हा बांधावरची सुसुकी कापून छपराला घालायचे, बोटं गेली. तुम्हाला काय ठेवायचं ते ठेवा, पण तुम्ही दोघांनी या दोन्हींचं इतकं कौतुक कधीपासून सुरू केलं? मला विचाराल तर तिथे कांदे लावा.

आणि त्या खोलीतून का हलत नाही? तर तिथूनच संडास जवळ पडतो. बास, एवढंच.

ओरिए

—

नागोया, ६ ऑक्टोबर

चि. ओरिए,

कागदावर शिक्का मारून पाठवतो आहे. तारीख तू घाल.

गेनपेईला सांग, पाडण्याआधी बुंध्याला मीठ आणि साकेची दारू घालायला विसरू नको, आणि आजोबांचं नाव घेऊन सांग की घरात कुणी मेलं म्हणून नाही, कांद्यासाठी पाडतोय. आजोबा व्यवहारी होते, त्यांना पटेल.

तुझ्या राजीनाम्याचं वाचून नोबुए म्हणाली, मला तेव्हाच वाटलं होतं. तिला सगळंच तेव्हा वाटलेलं असतं. फलाटावर बसून राहिलेल्या माणसानं काय म्हणावं.

आईला एकटीला ठेवायचं म्हटलं की मी रात्री उठून गाडीचं वेळापत्रक बघतो. पण ती नको म्हणतेय आणि आपल्याला आता ते ऐकू आलंय. एकदा ऐकू आल्यावर ऐकू आलं नाही असं म्हणता येत नाही. माझ्या बाबतीत तर तेही डॉक्टरांनी काढून घेतलं. सोमवारी यंत्र बसवलं. तुझ्या वहिनीचा आवाज फार मोठा आहे, हे मला पस्तीस वर्षांत माहीत नव्हतं.

तू जा. कुठे ते कळव.

दादा

—

ताकाओका, १७ नोव्हेंबर

दादा,

नवा पत्ता पाकिटामागे लिहिला आहे. खोली लहान आहे, खाली तांब्याच्या भांड्यांचा कारखाना, दिवसभर ठोकाठोक. आठवड्यातून चार दिवस मोठ्या माणसांना लिहायला शिकवते, बरेचसे परदेशातून इथे कामाला आलेले. पहिला परिच्छेद त्यांना शिकवत नाही.

सुगी ऑक्टोबरच्या शेवटी पडला. गेनपेईनं त्याला अंगणात असा आडवा घातला, जसं झोपलेल्या माणसाला अंथरुणावर सरकवतात. मीठ, साके, आजोबा, कांदे, सगळं सांगितलं. आतून तो छातीइतक्या उंचीपर्यंत पोकळ होता. त्यामुळे आपल्यापैकी कुणाचं बरोबर होतं ते विचारू नकोस. मी दोन लहान पाडले नसते तर तो आणखी तीस वर्षं पोकळ उभा राहिला असता, किंवा पुढच्याच बर्फात आईवर गेला असता. गेनपेईला विचारलं, तर तो म्हणाला, त्याचं उत्तर करवतीला माहीत नसतं. सुसुकीचे पाच झुबके काकूंनी स्वतः उपटले, मोठ्या आनंदानं. तिथे आता कांद्याची रोपं आहेत, चार ओळी.

आईकडे सकाळी पंचायतीतली मुलगी येते, दुपारी काकू. रविवारी मी फोन करते. तुला वाटत असेल मी आता निवांत असेन. दादा, आता घरावर पडायला काही उरलेलं नाही, आणि मला भीती पूर्वीपेक्षा जास्त वाटते. आधी मला माहीत होतं काय पडणार आहे.

परवा हिवाळ्याचा पहिला वारा सुटला. खालच्या कारखान्याचे पत्रे वाजले. मी वर्ग रद्द केला, बूट घातले, पहिली बस पकडली. फोन केला नाही, कारण आई फोनवर नको म्हणाली असती. मोकळ्या मैदानातून आपलं घर दुरूनच दिसलं. त्या बाजूनं इतकं उघडं मी ते कधी पाहिलं नव्हतं, अंघोळ झाल्यावर म्हातारं माणूस दिसतं तसं.

ती तिच्याच खोलीत बसली होती, कांद्यांकडे तोंड करून. मला पाहिल्यावर तिचा चेहरा आवळला. तिनं माझ्या छातीकडे बोट केलं, जिथे तो बिल्ला असायचा, आणि विचारलं. या वेळी मला एकदाच ऐकून कळलं.

मी म्हटलं, "नाही आई. पाहुणी."

तिनं डाव्या हातानं भिंतीपाशी रचलेल्या आसनांतलं वरचं ओढलं, पाहुण्यांसाठी ठेवलेलं ते नवं, आणि चटईवरून माझ्याकडे सरकवलं.

मी बसले. दुपारपर्यंत वारा पडला.

ओरिए